विश्लेषण : लिनक्स संगणकाचे चित्र टीव्हीवर नेमके कुठे अडते? केबलमध्ये, कार्डात की कुलूपबंद कागदात?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अजून धडधाकट असलेले असंख्य संगणक त्या दिवशी कागदोपत्री म्हातारे झाले. त्यातील काही भंगारात गेले, काहींवर लिनक्स बसवले गेले. असा संगणक घरातल्या टीव्हीला जोडून चित्रपट, मुलांचा अभ्यास किंवा गेम यासाठी वापरावा, हा विचार अगदी स्वाभाविक. पण पहिली ठेचही तिथेच लागते. टीव्हीवर ‘नो सिग्नल’ येते, चित्राच्या कडा कापल्या जातात, आवाज येत नाही, नाही तर महागड्या टीव्हीवर १२० हर्ट्झचा पर्यायच दिसत नाही. निष्कर्ष ठरलेला असतो : ‘लिनक्सचे हे असेच!’

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो. यातील बरेच दोष टीव्हीच्या जुन्या सवयींतून आलेले असतात आणि थोड्या वेळात दूर होतात. एक दोष मात्र कितीही खटपट केली तरी जात नाही, कारण तो मुळात तांत्रिक नाही. तो परवानगीचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या, तर वेळ वाचेल आणि जाब कोणाला विचारायचा हेही कळेल.

‘नो सिग्नल’ आले तर आधी काय पाहावे?

सर्वात साधी गोष्ट आधी. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेल्या संगणकाच्या मागे दोन ठिकाणी एचडीएमआय पोर्ट असू शकतात : एक मदरबोर्डचा, दुसरा कार्डाचा. केबल कार्डाच्या पोर्टात हवी. टीव्हीवर इनपुटही तोच निवडलेला हवा.

गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रकरण थोडे वेगळे असते. अनेक मॉडेलांत एचडीएमआय पोर्ट थेट वेगळ्या ग्राफिक्स चिपला जोडलेला असतो. ती चिप एनव्हिडियाची असेल आणि तिचा ड्रायव्हर चालू नसेल, तर लॅपटॉपचा स्वतःचा पडदा नीट चालतो आणि टीव्ही मात्र काळा राहतो. यामागे बऱ्याचदा दोनपैकी एक कारण असते. सिक्युअर बूट चालू असल्याने स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर कर्नेलने नाकारलेला असतो, नाही तर कर्नेल अद्ययावत झाल्यावर त्याच्याशी जुळणारा ड्रायव्हर पुन्हा तयार झालेला नसतो. लिनक्सच्या लॉगमध्ये याची नोंद स्पष्ट मिळते.

तिसरे कारण ओळखपत्राचे. प्रत्येक टीव्ही केबलमधून संगणकाला स्वतःची माहिती कळवतो : मी अमुक कंपनीचा, मला इतके पिक्सेल आणि इतके हर्ट्झ चालतात. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. तिचा मूळ भाग अवघ्या १२८ बाइटचा असतो. मध्ये एचडीएमआय स्विच, साउंड रिसीव्हर किंवा फार लांब केबल असेल, तर हे ओळखपत्र अर्धवट पोहोचते किंवा पोहोचतच नाही. मग संगणक सुरक्षित म्हणून सर्वात कमी दर्जाचे चित्र पाठवतो, किंवा टीव्ही जोडलेलाच नाही असे समजतो. म्हणून मधली उपकरणे काढून, एकाच छोट्या केबलने थेट जोडणी करून पाहावी. टीव्ही आधी सुरू करावा, संगणक नंतर. तरीही ओळखपत्र चुकीचेच येत असेल, तर लिनक्स कर्नेलला ईडीआयडीची फाइल बाहेरून देण्याची सोय आहे.

चित्र येते, पण कडा कापलेल्या आणि अक्षरे अस्पष्ट का?

कडा कापल्या जाणे हा पिक्चर ट्यूबच्या काळाचा वारसा. जुन्या टीव्हीत चित्राची कड थरथरायची, म्हणून चित्र किंचित मोठे करून कडा चौकटीबाहेर ढकलल्या जात. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. ट्यूब गेली, सवय राहिली. आजचे काही टीव्हीही संगणकाचे चित्र तसेच ताणतात, आणि मग लिनक्सची वरची पट्टी गायब होते. उपाय टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये असतो. एलजी त्याला ‘जस्ट स्कॅन’ म्हणते, सोनी ‘फुल पिक्सेल’, तर सॅमसंगच्या मेनूत ‘स्क्रीन फिट’सारखे नाव सापडते.

अस्पष्ट अक्षरांचे एक कारण आपल्याकडे विशेष आढळते. ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीच्या पडद्यावर बहुधा १३६६ गुणिले ७६८ पिक्सेल असतात; पण तो संगणकाला ‘मला १०८० रेषांचे चित्रही चालते’ असे सांगतो. ते खोटे नसते. तो ते चित्र स्वीकारतो आणि आकसून दाखवतो. चित्रपटात फरक जाणवत नाही, मजकूर मात्र धूसर होतो. यादीत १३६६ गुणिले ७६८ असेल तर तेच निवडावे. नसेल तर १२८० गुणिले ७२० वापरून पाहावे. यादीतील आकड्यापुढे ‘आय’ अक्षर असेल, तर एका आड एक रेषा पाठवली जाते आणि मजकूर लुकलुकतो. तो पर्याय टाळावा.

काळा रंग राखाडी दिसत असेल, किंवा अंधारातील दृश्ये काळ्या डागासारखी दिसत असतील, तर संगणक आणि टीव्ही यांची मोजपट्टी जुळलेली नाही. संगणकाच्या हिशेबात काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. टीव्ही प्रसारणाच्या हिशेबात काळा १६ वर सुरू होतो आणि पांढरा २३५ वर संपतो. दोन्हीकडे एकच पट्टी हवी. केडीई डेस्कटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘आरजीबी रेंज’ हा पर्याय आहे. टीव्हीत तोच ‘ब्लॅक लेव्हल’ अशा नावाने असतो. शक्य असेल तर टीव्हीवर त्या इनपुटला ‘पीसी’ असे नाव द्यावे. अनेक टीव्ही त्यानंतर चित्रावरची अनावश्यक प्रक्रिया बंद करतात.

आवाजाचा प्रश्न तर बहुतेकदा एका क्लिकचा असतो. एचडीएमआयमधून जाणारा आवाज हे लिनक्सच्या दृष्टीने वेगळे साधन असते. चित्र टीव्हीवर गेले म्हणून आवाज आपोआप मागे जातोच असे नाही. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून टीव्ही किंवा एचडीएमआय निवडावे लागते.

मग १२० हर्ट्झ का मिळत नाही?

इथपर्यंतचे सारे दोष घरच्या घरी सुटणारे होते. आता न सुटणाऱ्याकडे वळू.

समजा टीव्ही फोर-के आणि १२० हर्ट्झचा आहे. ग्राफिक्स कार्ड एएमडीचे, त्यावर एचडीएमआय २.१ पोर्ट. केबलही ४८ गिगाबिटची. त्याच संगणकावर विंडोजमध्ये १२० हर्ट्झ मिळते. लिनक्समध्ये मात्र पूर्ण रंगांसह ६० हर्ट्झवरच गाडी थांबते.

हिशेब सोपा आहे. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक पिक्सेलला २४ बिट रंगमाहिती देऊन पाठवायचे तर सुमारे १४.३ गिगाबिट प्रति सेकंद लागतात. एचडीएमआय २.० ची क्षमता १८ गिगाबिट. त्यातील प्रत्यक्ष चित्रासाठी १४.४ उरतात. म्हणजे जेमतेम बसते. १२० हर्ट्झसाठी दुप्पट, म्हणजे साडेअठ्ठावीस गिगाबिट हवेत. त्यासाठी एचडीएमआय २.१ ची ४८ गिगाबिटची वाट लागते.

जुन्या वाटेने १२० हर्ट्झ कोंबायचे तर रंगमाहिती कापावी लागते. चार पिक्सेलना मिळून एकच रंग पाठवला जातो, उजेडाची माहिती तेवढी पूर्ण राहते. चित्रपटात हे खपते. निळ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरे मात्र शाई पसरल्यासारखी दिसतात. ‘लिनक्सवर टीव्हीचा मजकूर फुटतो’ अशा तक्रारीचे मूळ कित्येकदा या काटछाटीत असते.

हार्डवेअर आहे, केबल आहे, टीव्ही आहे. मग नाही काय? ड्रायव्हरमध्ये ती वाट उघडण्याची परवानगी नाही.

परवानगी कोणी नाकारली?

एचडीएमआयची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली. हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी ती घडवली. पुढे २०११ मध्ये एचडीएमआय फोरम स्थापन झाला आणि नंतरच्या आवृत्त्या या संस्थेने तयार केल्या. आवृत्ती २.१ नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झाली. तिच्यात चित्र वाहून नेण्याची पद्धतच बदलली. कार्ड आणि टीव्ही आधी आपसात चाचणी करून किती वेग झेपतो हे ठरवतात आणि मगच चित्र सुरू होते. ही बोलणी कशी करायची, हे मानकाच्या कागदांत लिहिलेले असते. आणि ते कागद सर्वांसाठी उघडे नाहीत.

एएमडीचा लिनक्स ड्रायव्हर खुला आहे. त्याची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते. एएमडीच्या अभियंत्यांनी एचडीएमआय २.१ साठीचा कोड तयार केला, कंपनीच्या कायदा विभागाकडून एकेक वैशिष्ट्य तपासून घेतले आणि फोरमकडे मंजुरी मागितली. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर बाहेर आले : नकार. कोड उघडा म्हणजे कागद उघडे, अशी फोरमची धास्ती.

परिणाम केवळ हौशी मंडळींपुरता राहिला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने दिवाणखान्यातील टीव्हीसाठी ‘स्टीम मशीन’ जाहीर केले. ते लिनक्सवर चालणारे, एएमडीची चिप असलेले यंत्र आहे. त्याच्या अधिकृत तपशिलात एचडीएमआय पोर्टापुढे आकडा होता २.० चा. एवढ्या मोठ्या कंपनीचे जिथे हे, तिथे घरी बसून सेटिंग चाळणाऱ्याची काय कथा?

बंद ड्रायव्हरला चालते, मग खुल्याला का नाही?

या प्रकरणातील सर्वात विचित्र भाग इथे आहे. एनव्हिडियाच्या अधिकृत ड्रायव्हरने लिनक्सवरही एचडीएमआय २.१ चालते. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नेलमध्ये बसणारा भाग खुला केला. पण टीव्हीशी बोलणी करणारा भाग कार्डावरच्या बंद फर्मवेअरमध्ये ठेवला. कागद झाकलेले राहिले, त्यामुळे हरकत नाही. इंटेलच्या काही आर्क कार्डांवर वेगळी युक्ती आहे : कार्ड डिस्प्लेपोर्टचा संकेत देते आणि कार्डावरचीच एक छोटी चिप तो एचडीएमआय २.१ मध्ये बदलते. बोलणी त्या चिपच्या पोटात, खुल्या ड्रायव्हरच्या बाहेर.

म्हणजे तंत्र तेच, केबल तीच, टीव्ही तोच. ज्याने आपले काम झाकले त्याला वाट मोकळी. ज्याने दाखवले त्याला मज्जाव. २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सशी सहकार्य न करणारी कंपनी म्हणून एनव्हिडियावर जाहीर राग काढला होता. त्यानंतर दशकभर ‘लिनक्ससाठी एएमडी घ्या’ हा सल्ला जाणकार देत राहिले. टीव्हीच्या बाबतीत त्या सल्ल्यालाच एचडीएमआय फोरमने खीळ घातली.

हे पहिल्यांदा घडते आहे का?

नाही. एचडीएमआयपूर्वी ग्राफिक्स कार्डांवर टीव्हीसाठी गोल एस-व्हिडिओ पोर्ट असे. त्या काळातही दोन प्रकारचे अडथळे होते आणि त्यांची जातकुळी आजच्यासारखीच होती.

पहिला सवयीचा. एनव्हिडियाच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये वापरणाऱ्याने काही सांगितले नाही, तर अमेरिकेची एनटीएससी पद्धत गृहीत धरली जाई. भारतात पाल पद्धत. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या वेळी रंगीत प्रसारण सुरू झाले ते याच पद्धतीने. त्यामुळे इथल्या टीव्हीवर चित्र काळेपांढरे येई किंवा वर-खाली धावे. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘पाल-बी’ अशी एक ओळ लिहिली की प्रश्न मिटे. असा अडथळा माहिती मिळाली की संपतो.

दुसरा कुलपाचा. एटीआयच्या कार्डांतील टीव्ही-आउट भागाची कागदपत्रे खुल्या ड्रायव्हरच्या लेखकांना बरीच वर्षे मिळाली नाहीत. व्हिडिओ कॅसेटवर चित्रपटाची नक्कल होऊ नये म्हणून असलेले मॅक्रोव्हिजन तंत्र त्याच भागात गुंफलेले होते आणि त्याची माहिती करारांनी बांधलेली होती. गॅटोस नावाच्या प्रकल्पातील स्वयंसेवक या कार्डांच्या टीव्ही सुविधांसाठी खुले सॉफ्टवेअर लिहीत राहिले. पुढे २००६ मध्ये एएमडीने एटीआय विकत घेतली आणि २००७ पासून ग्राफिक्स चिपची कागदपत्रे खुली करायला सुरुवात केली. मॅक्रोव्हिजन आणि व्हिडिओ कॅसेट दोन्ही इतिहासजमा झाले. कुलपाने चोरी किती थांबली हे सांगता येणार नाही, पण विकत घेतलेल्या कार्डाचा मालक टीव्हीसमोर ताटकळत बसला, हे नक्की.

फोरमच्या बाजूने काय म्हणता येईल?

फोरमची बाजू अगदीच पोकळ नाही. मानक घडवायला सदस्य कंपन्यांचा पैसा आणि अभियंत्यांची वर्षे लागतात. अर्धवट वाचून कोणी काहीही बनवले, तर ‘एचडीएमआय’ लिहिलेली दोन उपकरणे एकमेकांशी जुळणार नाहीत आणि नाव त्याच मानकाचे खराब होईल. परवाना शुल्क आणि चाचण्या यांची व्यवस्था त्यासाठीच आहे.

पण हा युक्तिवाद तपासून पाहिला तर टिकत नाही. एचडीएमआय २.० पर्यंतच्या आवृत्त्या लिनक्सच्या खुल्या ड्रायव्हरमध्ये वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत. त्यामुळे ना फोरमचे उत्पन्न बुडाले, ना बाजारात गोंधळ माजला. दुसरे, मानधन हार्डवेअरवर घेतले जाते. कार्डावरचा पोर्ट, टीव्हीचा पोर्ट, दोन्हींच्या किमतीत ते आधीच आलेले असते. ग्राहकाने दाराचे पैसे भरले, चौकटीचे भरले आणि किल्ली मात्र विंडोज वापरणाऱ्यालाच मिळेल, असा हा व्यवहार आहे. तिसरे, सुसंगतीची काळजी असेल तर उघडा कोड ही अडचण नसून सोय आहे. त्यातील चूक जगातील कोणताही अभियंता दाखवू शकतो.

शेजारी तुलनेला डिस्प्लेपोर्ट आहेच. व्हेसा या संस्थेचे हे मानक. त्याचे नवे कागदही सरसकट मोफत मिळत नाहीत. तरी त्यावर आधारलेले खुले ड्रायव्हर राजरोस प्रसिद्ध होतात. संगणकाच्या मॉनिटरवर म्हणूनच हा प्रश्न येत नाही. टीव्ही कंपन्या मात्र डिस्प्लेपोर्ट क्वचितच देतात, आणि ग्राहकाला पर्याय उरत नाही.

मग आज करायचे काय?

घरच्यासाठी तीन गोष्टी. फक्त चित्रपट आणि अभ्यास असेल तर फोर-के ६० हर्ट्झ पुरेसे आहे, २.१ च्या मागे धावू नये. गेमसाठी १२० हर्ट्झ हवेच असेल आणि कार्ड एएमडीचे असेल, तर डिस्प्लेपोर्टपासून एचडीएमआय २.१ करणारा सक्रिय कन्व्हर्टर हा मार्ग आहे. मात्र बदलत्या रिफ्रेश रेटसारखी सुविधा त्यातून मिळेलच याची खात्री धरू नये. आणि ब्राउझरमधील ओटीटीवर फोर-के मिळत नसेल, तर केबल बदलत बसू नये. ते कुलूप चित्रपट पुरवणाऱ्यांच्या नक्कलरोधक व्यवस्थेचे आहे, ग्राफिक्स कार्डाचे नाही.

घराबाहेरचा प्रश्न मोठा आहे. केरळमधील सरकारी शाळा अनेक वर्षे लिनक्सवर शिकवतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘बॉस’ ही मराठीसह भारतीय भाषांना आधार देणारी लिनक्स प्रणाली तयार केली. केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचे धोरण नोव्हेंबर २०१० मध्ये, तर खुल्या सॉफ्टवेअरचे धोरण २०१५ मध्ये आणले. मानकाचे कागद मोफत किंवा नाममात्र शुल्कात मिळावेत आणि त्यातील पेटंटवर मानधन नसावे, हे २०१० च्या धोरणाचे सूत्र आहे. पण त्याचा आवाका सरकारी सॉफ्टवेअर आणि माहितीच्या देवाणघेवाणीपुरता. वर्गात भिंतीवर लागणारा टीव्ही, त्याचा पोर्ट आणि त्याला जोडलेले कार्ड त्या चौकटीबाहेर राहतात. शाळा-कार्यालयांसाठी हजारोंच्या संख्येने पडदे खरेदी करताना निविदेत एक अट घालता येईल : जाहिरातीत लिहिलेला प्रत्येक वेग खुल्या ड्रायव्हरनेही मिळाला पाहिजे, किंवा पडद्याला डिस्प्लेपोर्ट हवा. मोठ्या खरेदीदाराची अट पुरवठादार कंपन्यांना ऐकावी लागते. आणि फोरमच्या सदस्य कंपन्याही शेवटी माल विकणाऱ्याच आहेत.

ग्राहकाच्या हातीही काही आहे. कार्डाच्या खोक्यावर ‘एचडीएमआय २.१’ छापलेले असेल, तर दुकानदाराला आणि कंपनीला विचारावे : हे लिनक्सवरही मिळते का? मिळत नसेल तर खोक्यावर तसे छापले पाहिजे. विकत घेतलेल्या वस्तूचा अर्धा भाग कोणत्या प्रणालीवर बंद राहणार, हे पैसे देण्याआधी कळणे हा साधा हक्क आहे.

‘नो सिग्नल’ दिसले की केबल तपासावी, पोर्ट तपासावा, टीव्हीचा मेनू चाळावा. बहुतेकांचे चित्र तिथेच सुरू होईल. पण सारे जागेवर असूनही ६० चे १२० होत नसेल, तर लिनक्सला आणि स्वतःला दोष देणे थांबवावे. तिथे यंत्र नादुरुस्त नसते. ते चालू शकते, पण चालू दिले जात नाही.